न वापरलेल्या मिक्सरची शिफारस

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी साडेनऊला कार्मिन मिक्सर घेऊन आली आणि ओट्यावर ठेवून गेली. मिक्सरचा तो मेसेज मी लिहिलेला नाही, असं तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिला पटलं नाही. दुपारी जेवण गेलं नाही.

एवढं लिहून जॉयसबाईंनी मिक्सरचं भांडं उलटं केलं. तळाशी, पात्याच्या दांड्याभोवती, काळं वंगण जमलं होतं. त्यांनी बोट लावून वास घेतला आणि बोट साबणाने दोनदा धुतलं. शनिवारी गावातल्याच कार्मिनच्या मुलीचं उंबराचं पाणी होतं. लग्नाच्या आदल्या दिवशीच्या त्या जेवणासाठी याच भांड्यात खोबऱ्याचं वाटण केलं आणि पातेलंभर कालवण काळपट होऊन ओतून द्यावं लागलं. पाहुणे डाळभात जेवून गेले.

चौक गावात जॉयसबाईंच्या वहीला मान होता. नवऱ्यामागे सोळा वर्षं एकटीने घर चालवताना त्यांनी प्रत्येक वस्तूची नोंद ठेवली होती. तवा कधी घेतला, किती महिन्यांनी चिकटायला लागला, इस्त्रीची वायर कुठे तापते, सगळं. शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली शिस्त सत्तरी उलटली तरी सुटली नव्हती. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की बायका देवळाच्या आवारात त्यांना गाठायच्या. "बाय, तो डबा घेऊ का? वहीत काय हाय?" तीन महिने वापरल्याशिवाय जॉयसबाई हो म्हणत नसत.

दोन वर्षांपूर्वी भाचीने त्यांना एका ऑनलाइन भांडीवाल्या कंपनीची पार्टनर करून दिलं. कंपनी एक लिंक द्यायची, त्या लिंकवरून कोणी काही घेतलं की थोडं कमिशन. जॉयसबाईंनी दोन वर्षांत सहा वस्तूंच्या लिंक पाठवल्या. सहाही वापरलेल्या.

आणि आता हा मिक्सर. त्यांचा फोटो आणि खाली मजकूर: "मी रोज वापरते, तुम्हीही घ्या. तुमची जॉयस आंटी." ज्यांनी आधी त्यांच्याकडून काही घेतलं होतं, त्या सगळ्यांच्या फोनवर तो परस्पर गेला होता. जन्मात त्यांनी स्वतःला आंटी म्हणवलं नव्हतं.

बुधवारी त्या बसने भाईंदर पूर्वेला कंपनीच्या कचेरीत गेल्या. पार्टनरांचं काम बघणारा निहार तिशीचा होता, हसतमुख. त्याने खुर्ची पुढे केली.

"आंटी, तुम्ही कशाला आलात? फोन करायचा ना."

"मेसेज कोणी लिहिला?"

"सिस्टिम लिहिते. छोट्या पार्टनरना आपण रेडीमेड कंटेंट देतोय. तुमचा त्रास वाचतो."

"मी तो मिक्सर डोळ्यांनी पाहिला नव्हता."

"अहो, कोण बघतं?" निहारने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हे बघा. दोन लाख फॉलोअर्सवाली बाई आहे एक. तिच्या मेसेजवर शंभरात एक घेतो, आणि त्यातले निम्मे परत पाठवतात. तुमच्याकडे त्रेचाळीस बायका, त्यातल्या एकोणीस जणींनी घेतला. एकीनेही काही विचारलं नाही. साहेब म्हणतात, खरा माल छोट्या पार्टनरांकडेच आहे. लोक डोळे मिटून घेतात."

या माणसांना आपल्या शब्दाची किंमत कळली नव्हती, असं जॉयसबाई वाटभर समजत आल्या होत्या. ती यांना नेमकी कळली होती. म्हणूनच तर ते काळं वंगण कार्मिनच्या घरी गेलं.

"मिक्सर खराब आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या लॉटमध्ये थोडा इश्यू आहे," निहार सहज म्हणाला. "आणि आंटी, कायद्याने आपण क्लिअर आहोत. नियम बदलले तेव्हा तुम्ही 'मान्य आहे' दाबलंय." त्याने तारीखही दाखवली.

ते खरं होतं. तेव्हा अक्षर बारीक होतं, चष्मा घरात आतल्या खोलीत होता. रेशनचा फॉर्म दोनदा वाचणाऱ्या बाईने तो न वाचता दाबला होता.

"त्या सगळ्या बायकांना दुसरा मेसेज पाठवा. ही शिफारस माझी नाही म्हणून."

"तसं ऑप्शनच नाहीये. त्यापेक्षा तुमचं कमिशन वाढवून देतो ना. चहा घेणार?"

"तुमच्याकडचं पाणीसुद्धा नको," त्या म्हणाल्या आणि खातं बंद करण्याचा कागद मागून घेतला. या खेपेला प्रत्येक ओळ वाचून सही केली. निहार तोवर फोनमध्ये बघत बसला होता.

रविवारी मिस्सेनंतर त्यांनी आवारातच वही उघडली. बायका जमल्या. कार्मिन मागे हात बांधून उभी होती.

"वही वाचून काय दाखवतेस, बाय?" ती म्हणाली. "मिक्सर त्यात न्हाय हाय, ते कळला आमाला. फोटोत तोंड तर तुजाच होता."

"म्हणूनच आले," जॉयसबाई म्हणाल्या. "माझं तोंड वापरायला मीच परवानगी दिली होती. न वाचता. त्या माणसांची मला किळस आली, आणि माझीही. तुझ्या मुलीचं जेवण माझ्यामुळे वाया गेलं, कार्मिन."

मग मागून एकीने विचारलं, "मिक्सर परत घेतात का ते?"

"फॉर्म दिल्यावर दहा दिवसांत. मी सगळ्यांचे फॉर्म भरून देते."

दुपारपासून त्यांच्या ओट्यावर खोके येऊ लागले. कार्मिन सर्वांत शेवटी आली. तिचा मिक्सर तर तिथेच होता. ती बिल घेऊन आली होती.

"आता लिंक न्हाय, तर आमी विचारायचा कुनाला?"

"मला. दारात येऊन."

"आन् तू न वापरलेला सांगितलास तर?"

जॉयसबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कार्मिन थट्टा करत नव्हती.

"तर विचारू नकोस पुन्हा."

कार्मिनने मान हलवली आणि बिल टेबलावर ठेवलं. चहा होईपर्यंत मात्र ती बसून राहिली.

संध्याकाळी जॉयसबाईंनी वहीत लिहिलं: मिक्सरचे सगळे फॉर्म भरले. नळाला आज पाणी आलं नाही. टँकरची दोन पिंपं घेतली, एक गाळून प्यायला ठेवलं.