बेबीबाईला रडू न आलेली फिल्म

एखादी गोष्ट खरंच रडवणारी आहे की नुसतीच रडकी, हे आंबागडात बेबीबाईने ठरवायचं. हा मान तिला कुणी दिला नव्हता, तिनेच तो घेतला होता. सुरुवात मंडईच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या नाटकांपासून झाली. पुढे मुलाने, भूपेंद्रने, फोनवर पॉडकास्ट कसे लावायचे ते शिकवलं आणि बाई कुणाला आवरेनाशी झाली. निंदणाला जाताना फोन कमरेला आणि फोनमध्ये कुणाची तरी करुण कहाणी. धानाच्या बांधीतल्या बायका विचारायच्या, "कसं होतं वो?" आणि बेबीबाई वाकल्या वाकल्या निकाल द्यायची.

निकाल कडक असायचा. आई गेल्याचं सांगताना एक माणूस मध्येच पाणी प्यायला थांबला, तो पास झाला. "खोट्याले तहान नाही लागत." धरणात गाव बुडाल्याचा माहितीपट पाहून ती जेवायला उठली नव्हती. सून रीना वाचनालयातून पुस्तकं आणून तिला वाचून दाखवी. एका कादंबरीत नायिका शेवटच्या पानावर तापाने मेली, तर बेबीबाई भडकली. "लेखकाले घरी जायची घाई झाली असन, म्हनून मारली बिचारीले."

तिच्या नवऱ्याला या कशातच रस नव्हता. नाटकाला तो केवळ तिच्यासाठी जाई, पहिल्याच अंकात झोपी जाई, आणि ती मुसमुसायला लागली की डोळे न उघडता खांद्यावरचा दुपट्टा तिच्याकडे सरकवी. बेबीबाईला याचा फार राग यायचा. पण डोळे पुसायची ती त्याच दुपट्ट्याला.

मागच्या चैत्रात तो मोहफुलं वेचायला जंगलात गेला. खाली वाकून फुलं गोळा करत असताना वाघाने त्याला झाडाखालीच गाठलं. त्या दिवसापासून बेबीबाईने फोनवर काही लावलं नाही. जगाची दुःखं ऐकायची तिची हौस एका दिवसात संपली.

मग नागपूरहून तृप्ती आली. वाघाच्या हल्ल्यात माणसं गमावलेल्या घरांवर ती माहितीपट करत होती. मुलगी मायाळू होती. चुलीपाशी बसायची, भाजी निवडू लागायची, घाई करायची नाही. बेबीबाई तिच्यापुढे मोकळी झाली. नवरा कसा हसायचा, गाईशी कसा भांडायचा, सगळं सांगून मोकळी झाली.

पावसाळ्यानंतर फिल्म तयार झाली आणि ग्रामपंचायतीच्या सभागृहात गावाला दाखवली. पडद्यावर जंगल, ओल्या मातीत वाघाचं पाऊल, मोहाखाली पडलेली चप्पल. हळू वाजणारी बासरी. बेबीबाई पडद्यावर रडत होती आणि समोर अख्खं गाव रडत होतं. पुरुषसुद्धा नाकं ओढत होते. दिवे लागल्यावर सगळ्यांनी सवयीने तिच्याकडे पाहिलं.

"वाघ चांगला दाखवला," बेबीबाई म्हणाली आणि घरी निघून गेली.

तृप्तीच्या जिवाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती घरी आली. "काकू, काय चुकलं सांगा ना. तुम्हाला आवडली नाही?"

"सारे रडले, बाई. मलेच रडू नाही आलं." बेबीबाई तांदूळ पाखडत होती, ती थांबली. "कोन मेला तेच नाही समजत त्याच्यात. वाघाले जागा आहे, चपलीले आहे. मानसाचं नाव कुठं आहे?"

तृप्ती चाचरत म्हणाली, "काकू, मी सगळं चित्रण पुन्हा पुन्हा ऐकलंय. नाव कुणी घेतलंच नाही. तुम्हीपण नाही."

खरंच होतं ते. बेबीबाईने त्याला 'हे' म्हटलं होतं, 'भूपेंद्रचे बाबा' म्हटलं होतं. भूपेंद्र 'बाबा' म्हणाला होता. सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून रीना 'मामाजी' म्हणाली होती. प्रत्येकाने आपापल्या परीने मान राखला होता आणि त्या मानात माणूस नाहीसा झाला होता.

"पडद्यावर नाव लिहायचं माझ्याकडून राहून गेलं, ती चूक माझी," तृप्ती म्हणाली. "अजून बदलता येईल. पण लिहिण्यापेक्षा तुमच्या आवाजात घेऊ का?"

"थांबा, मी सांगतो," भूपेंद्र ओसरीतून म्हणाला.

"तू नको सांगू," बेबीबाई म्हणाली. "मीच सांगन."

तृप्तीने फोन पुढे धरला. बेबीबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, तोंड उघडलं आणि मिटलं. नवऱ्याचं नाव तिने घेतलं होतं ते फक्त उखाण्यात, ते लग्नात नि पुढे हळदीकुंकवाला. आता तिला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं, म्हणजे ते नाव घ्यायची एकुलती एक जागाही गेली होती. एवढी वर्षं संसार केला, पण त्याला नावाने एक हाक मारायची राहिली, हे तिला आत्ता उमगलं.

"धनीराम," ती म्हणाली. मग फोनकडे वाकून पुन्हा म्हणाली, "धनीराम नाव होतं त्याइचं."

अंगणात खेळणारी गुड्डी, भूपेंद्रची चार वर्षांची मुलगी, दारात येऊन उभी राहिली होती. "धनीराम कोन आहे वो, आजी?"

ज्या घरात धनीराम जन्मला, वाढला, त्या घरातलं लेकरू हे विचारत होतं. रीनाने मान फिरवली.

"तुया आबा, बाई," बेबीबाईने तिला जवळ ओढलं. "तुया आबाचं नाव धनीराम," एवढं कसंबसं म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली.

आजी रडते ती फोनमधलं काहीतरी ऐकून, एवढं गुड्डीला पक्कं ठाऊक होतं. तिने तृप्तीच्या हातातला फोन घेतला आणि बंद करून टाकला. "झालं, आजी," ती म्हणाली. "आता नको रडू."