येतो म्हणायचं राहिलं

ह्यांची झोपेची गोळी वाढवण्याआधी सकाळी हास्यक्लबात जाऊन पाहा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला रागच आला. माझे यजमान कृषी सहायक. कपाशीची ती वाईट वर्षं त्यांनी अंजनगावकडच्या खेड्यांतून काढली. कर्जापायी कुणाच्या घरचा माणूस असा अचानक गेला की तलाठ्यासोबत ह्यांनाही जावं लागे, शेतात काय पेरलं होतं ते लिहून घ्यायला. घरी आले की चार घास खात आणि छताकडे बघत पडून राहत. अशा माणसाला हसायला न्यायचं?

तरी नेलं. झोप नसलेला माणूस रोज थोडा थोडा कसा संपतो, ते मी बघत होते आणि मला भीती वाटत होती.

राजापेठेतल्या मैदानावर पंधरा-वीस जण हात वर करून हो हो, हा हा करत. शिकवायला कापडदुकानवाले चाचा. ह्यांचं तोंड उघडायचं, आवाज निघायचा नाही. चाचा म्हणाले, "साहेब, हासू नाई आलं तरी आवाज काढा. पोटाले काय समजते, खरं का खोटं?" मला हसू आलं, ह्यांना नाही.

आठवड्यानं चाचांनी मला बाजूला घेतलं. "भाभी, साहेब माह्यावर नाराज हायेत का? रोज न बोलताच उठून चालले जातात."

मी काहीतरी सारवासारव केली. पण वाटभर डोक्यात तेच. दुःखाच्या घरी बसायला गेलं की निघताना आपण ‘येतो’ म्हणत नाही; अशा कामासाठी पुन्हा येणं नको म्हणून. मुकाट्यानं उठायचं, चपला घालायच्या. हे कितीतरी घरांतून असे उठले होते. आठवून पाहिलं, तर आमच्या घरूनही कित्येक महिने तसेच निघत होते. मला ते कळलंही नव्हतं, याची लाज वाटली.

चहा देताना त्यांना हे सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मी तुले येतो म्हनत नाई?"

"नाई."

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांनी खोटंखोटं हो हो केलं, आणि चार-पाच वेळा करता करता त्याचं रडणं झालं. चाचांनी पाहिलं. कुणी वळून बघू नये म्हणून त्यांनी सगळ्यांना आणखी जोरात हसायला लावलं, बराच वेळ.

झोप लगेच आली असं नाही. गोळी पुढेही चालूच होती. पण त्या दिवशी कामावर निघताना ह्यांनी उंबऱ्यापाशी चपला घातल्या, थांबले, आणि मागे वळून म्हणाले, "येतो बरं."

मी पोळपाटापाशी होते. ‘या’ एवढंच म्हणायचं होतं. पण माझीही सवय मोडली होती. तो शब्द ओठांवर येईपर्यंत त्यांची गाडी गल्लीच्या टोकाला गेली होती. मग पिठाच्या हातानं दारात गेले आणि रिकाम्या गल्लीकडे बघून म्हटलं, "या."