माइकला हात लावायचा न्हाई

चौकीतले किस्से गंगेच्या गाळासारखे असतात. दरसाली एक थर बसतो, आन् खालचा थर काही वाळत न्हाई. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) लोक माझ्याबद्दल म्हणतात, किसनला राग येतच न्हाई. येतो हो! फक्त जल्दी येत न्हाई, आन् आला की जात बी न्हाई.

सत्तरच्या पुढची सालं ती. आष्टीकडं गंगेच्या काठाला सरकारनं पुराच्या वायरलेसची चौकी टाकली होती. तार न्हाई, खांब न्हाई, तरी दहा कोसांवरची बात पेटीतून ऐकू यायची! पेटीवर बोलायला वसंतराव ऑपरेटर, हुकूम सोडायला ओव्हरसियर साहेब, आन् बांबू रोवायला, बॅटरी वाहायला मी. आमची बौद्धांची चाळीस घरं नाल्यापलीकडं, खोलात. पूर आला की पहिलं पाणी आमच्या चुलीत. म्हणून ही नोकरी मी जीव लावून केली.

*

चौक्या चार, आन् चॅनेल एकच.

"चॅनेल म्हंजे बांधावरची पाऊलवाट, किसनभाऊ," वसंतराव सांगायचे. "एक जण चालला की दुसऱ्यानं थांबायचं. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हंजे वाट मोकळी."

एक दिवस वसंतराव आन् वरच्या चौकीचा ऑपरेटर एकाच टायमाला बोलायला लागले. माइकचं बटण दाबलं की बोलता येतं, ऐकू येत न्हाई; दोघं बी दाबून बसले, मंग कोणाला काय ऐकू येणार? पाव घंट्यानं तिसऱ्या चौकीवाल्याला कशीबशी वाट मिळाली. म्हणाला, "अहो, तुम्ही दोघं एकच गोष्ट सांगून राह्यलेत: आधी तू थांब!"

*

एरियलची वायर जितकी उंच, तितकी बात लांब जाते. म्हणून ती बांबूच्या शेंड्याला. शेंड्यावर चढणार कोण? मी.

एकदा पेटी मुकी झाली. साहेब चार लोकांसमोर ओरडले, "या किसनचा हात लागला असंल सेटला!"

मी भाईर गेलो. वायर लोंबून पत्र्याला टेकल्ती, आन् तिच्यावर साहेबांचं ओलं धोतर वाळून राह्यलं होतं. घडी घालून आत नेलं.

"साहेब, बिघाड सापडला. इस्त्री करून आणू का?"

*

वसंतरावांचा एक नियम होता. "सांगितलं म्हंजे पोचलं, असं समजू नका. समोरच्यानं परत म्हणून दाखवलं, तरच पोचलं."

मला ते बिलकुल पटलं. घरी बी सुरू केलं. आमची गया म्हणाली, "अवं, सरपण संपलंय."

मी म्हणालो, "सरपण संपलंय. ओव्हर."

"म्हणून काय दाखवता? आणून दाखवा!"

*

आता रागाची गोष्ट.

बॅटरीच्या तेजाबानं माझे दोन सदरे जळाले. त्याचं काही न्हाई. पण एकदा वसंतराव चहा पिऊन राह्यले होते, म्हणून मी माइक उचलून त्यांच्या हाती द्यायला गेलो. साहेबांनी मधीच घेतला, खिशातून रुमाल काढला, आन् माइक पुसला. सावकाश. चारी बाजूंनी.

"नाजूक चीज आहे," म्हणाले. "हात लावायचा न्हाई."

वसंतराव खाली बघत राह्यले. कोणाला न शिवता दहा कोस बात नेणारं यंत्र, आन् मला त्याला शिवायची मनाई! त्या दिवशी भाकर गेली न्हाई मला.

*

मंग ते मोठ्या पुराचं साल आलं. भर दुपारी वरच्या चौकीचा निरोप: धरणातनं पाणी सोडलंय, चारच्या आत खोलातली घरं खाली करा. वसंतरावांनी शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. साहेबांनी गावात दवंडी दिली.

मी बांबूवर वायर ताणत होतो. तिथून आमची वस्ती दिसते. गया अंगणात मिरच्या पसरून राह्यली होती. पोरं नदीकडं खेळत होती. मी खाली उतरलो.

"साहेब, वस्तीत कोण गेलं?"

"दवंडी दिली ना! ऐकू येतंच."

"वारं तिकडून इकडं हाय साहेब. नाल्याला आता छातीच्या वर पाणी हाय. मला पोहता येत न्हाई. नाल्यापलीकडच्या चौकीला सांगा, त्यांच्याकडं ट्रक हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. "वसंतराव, बोला: सगळ्यांना कळवलं. ओव्हर."

वसंतरावांनी बटण दाबलं. मंग सोडलं. त्यांनी माइक हळूच टेबलावर ठेवला, माझ्या बाजूला.

म्या उचलला आन् बटण दाबलं.

"आमच्या वस्तीला कळवलं न्हाई. चाळीस घरं हायत. पलीकडून ट्रक पाठवा."

साहेबांनी झडप घातली. माइकवर त्यांचा हात, माझा हात, आन् बटण मी सोडलं न्हाई. "सोड! तुझी पायरी सोडून बोलतोस?" ते बी चारी चौक्यांवर गेलं.

"ओव्हर," मी म्हणालो, आन् बटण सोडलं.

पेटी खरखरली. मंग पलीकडचा ऑपरेटर, एकेक शब्द सुटा करून: "वस्तीला कळवलं न्हाई. चाळीस घरं. ट्रक निघाला. ओव्हर."

साहेबांचा हात गळून खाली आला.

म्या खांद्यावरचा पंचा काढला आन् माइक पुसला. सावकाश. चारी बाजूंनी. मंग वसंतरावांच्या हाती दिला.