पिवळ्या रेघा

निनावी अर्ज हातात आला की तो कोणी लिहिलाय हे मी अर्ध्या मिनिटात सांगत असे. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर माझी सगळी नोकरी गेली. अक्षर बदललं तरी माणूस बदलत नाही. कुठे शब्द तोडतो, कोणाचं नाव टाळतो, यावरून तो सापडतो. संशय हा माझा स्वभाव नाही, सवय आहे, असं मी सांगते, आणि ऐकणारे हसतात. या सवयीपायी मी माझी एकुलती एक मुलगी गमावून बसणार होते. म्हणून हे लिहायला घेतलं.

मुलीचं सासर बोदवडला. त्या वर्षी ती दिवाळीच्या सुट्टीत आली नाही, नाताळला मात्र दोन दिवस आली. येताना स्वतःचा जुना टॅब घेऊन आली. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसरा तसाच होता, आणि शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, बारीक अक्षर मला दिसेनासं झालं होतं. तिने टॅबवर बायबलची तीन ॲप आधीच घालून ठेवली होती: एक वाचायला, एक शब्दांचे अर्थ सांगायला आणि एक रोज सकाळी एक वचन पाठवायला. बोटाने अक्षर बोराएवढं मोठं करून दाखवलं. "हे वाचत जा आई. रोज वाच. नक्की," असं तीनदा म्हणाली. ती वाळली होती. मी म्हटलं, हल्लीच्या मुलींना बारीक व्हायचं खूळ असतं. ती टॅबची काच ओढणीने पुसत राहिली.

ती गेल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे कॅमेऱ्याच्या भोकावर चिकटपट्टी लावली. फुकट देणाऱ्याचा हात आधी बघावा, अशी माझी रीत. तीन तीन ॲप फुकट, आणि वर काळजी तरी किती! दोन दिवस वाचलं नाही की विचारणार, आज वाचन राहिलं का? माझ्या सासूनेही मला असं कधी विचारलं नव्हतं. वाचून दाखवणारा एक बाप्याचा आवाजही त्यात होता. भलत्या ठिकाणी थांबायचा. त्याला मी पहिल्याच दिवशी गप्प केलं.

काचेवर एकही खूण करायची नाही, हे मात्र मी पक्कं ठरवलं होतं. आमच्या घरात खुणेला फार मान. माझे वडील शाळामास्तर होते, त्यांची लाल-निळी पेन्सिल शास्त्रातच ठेवलेली असायची. घरात कोणाला काही सोसेनासं झालं की त्याने त्या दिवशी जे वचन जवळचं वाटेल त्याच्या कडेला एक बारीक रेघ ओढायची. नाव नाही, तारीख नाही. शास्त्र टेबलावर उघडंच असायचं, त्यामुळे रेघ सगळ्यांना दिसायची. पण विचारायचं नाही, हा नियम. फक्त ज्याने ओढली असेल त्याच्याजवळ जाऊन बसायचं. माझा धाकटा भाऊ गेला त्या वर्षी वडील कितीतरी संध्याकाळी आईशेजारी नुसते शेंगा सोलत बसलेले मला आठवतात. संध्याकाळच्या प्रार्थनेत कोणाचं नाव न घेता दोन वाक्यं जास्त व्हायची, बस. मी हे सगळं माझ्या मुलीलाही शिकवलं होतं. दहावीत गणित राहिलं तेव्हा तिने रेघ ओढली होती, आणि मी न बोलता तिच्याजवळ बसून स्वेटर विणला होता.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी स्तोत्रांमध्ये मला एक पिवळी ओळ दिसली. जिभेने केलेल्या जखमांबद्दलची. मला वाटलं, बोट लागलं असेल. दुसऱ्या दिवशी आणखी एक, एकाच ताटात जेवणारा उलटतो त्याबद्दलची. तिसऱ्या दिवशी दोन. मी जुनी वही काढली आणि नोंद करायला लागले: दिनांक, पुस्तक, अध्याय, विषय. आवक वही बंद होऊन सात वर्षं झाली होती. हात कसा छान चालायला लागला.

आता जिभेबद्दल मला कोण सुनावणार? एकच माणूस. आमच्या चर्चचे पाळकसाहेब. वयाने तरुण, उत्साह दांडगा. त्यांनी नव्या वर्षापासून मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, मोठा पडदा लावला होता. वचनं त्याच्यावर दिसायची, आणि लोकांनी शास्त्र घरी ठेवून यायला सुरुवात केली होती. मंडळीच्या सभेत मी उभी राहिले आणि म्हणाले, "उद्या देवालाही चार्जिंगला लावाल." लोक हसले, पाळकही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले होते. त्याच रविवारी त्यांनी "मंडळीच्या गटात घेतो" म्हणून माझा टॅब दहा मिनिटं हातात घेतला होता. जिभेबद्दलचं वचन, उलटणाऱ्या माणसाबद्दलचं वचन! निनावी अर्जच होता तो, आणि अर्जदार मला सापडला होता.

काही खुणा जुळत नव्हत्या, हे खरं. रात्रभर रडून अंथरूण भिजवणाऱ्याची एक होती. पाणी गळ्यापर्यंत आल्याची एक होती. पाळकांनी मला हे कशाला सांगावं? पण निनावी अर्जात एखादं कलम असंच घुसवलेलं असतं, दिशाभूल करायला. मी ते वहीत घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'दिशाभूल' असं लिहिलं.

खात्री करावी म्हणून टॅब बंद करून दोन दिवस कपाटात गोधड्यांखाली ठेवला, किल्ली कमरेला. रविवारी उघडला, तर पाच मिनिटांत तीन नव्या पिवळ्या ओळी हजर. म्हणजे कोणीतरी बाहेरून शिरत होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि खोटं कशाला सांगू, थोडा आनंदही झाला. माझा संशय खरा ठरत होता.

मी बोदवडला फोन लावला. मुलीचं बोलणं नेहमीसारखंच, "सगळं बरं आहे." मी विचारलं, "अगं, त्या टॅबमध्ये बाहेरून कोणी शिरू शकतं का?"

"का गं? काय दिसलं तुला?"

"पिवळ्या रेघा. रोज नव्या."

"वाचल्यास?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"वाचेन नाही तर काय! सगळ्या माझ्यावरच रोखलेल्या आहेत. आमचे पाळक मला टोमणे मारताहेत."

पलीकडे कोणीतरी चहाची कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग ती हसली. कसं हसली ते मला अजून ऐकू येतं. "असू दे आई," म्हणाली. "वाचू नकोस मग."

त्यानंतर चार दिवस एकही खूण आली नाही. मी मनात म्हटलं, चोर सावध झाला. पाचव्या दिवशी एकच आली. आई आपल्या पोटच्या लेकराला विसरेल का, असं विचारणारी. माझं डोकं सणकलं. माझी लेक सणासुदीला येत नाही हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. त्यावर बोट ठेवायची हिंमत या माणसाला झालीच कशी!

आमच्यात दर गुरुवारी कोणाच्या तरी घरी घरसभा असते, आणि ज्याचं घर त्याने शास्त्रपाठ करायचा असतो. त्या गुरुवारी पाळी माझी होती. संध्याकाळी साडेसहाला मंडळी जमली: पाळक आणि त्यांची बायको, शेजारची दोन कुटुंबं, आणि आमच्या मंडळीतले नाना. नाना सातपुड्याच्या पायथ्याकडचे, पाऊस पडला तर शेती, नाही तर मजुरी. आता म्हातारपणी मुलाकडे धुळ्याला असतात. त्यांना वाचता येत नाही. ते डोळे मिटून ऐकतात, आणि ऐकलेलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

मी चष्मा पुसला, टॅब हातात घेतला आणि म्हणाले, "काही माणसांना तोंडावर बोलायची हिंमत नसते. ती वचनांच्या आडून बोलतात. आज मी तीच वचनं वाचणार आहे." आणि पाळकांच्या डोळ्यांत बघत मी पहिल्यापासून सुरुवात केली. जीभ झाली, ताट झालं, अंथरूण झालं, गळ्यापर्यंतचं पाणी झालं. प्रत्येक वचनाला पाळक मान खाली घालून "आमेन" म्हणत होते. मला वाटलं, काय नाटकी माणूस आहे! शेवटी ते आईचं वचन वाचलं, चांगलं ठासून वाचलं, आणि टॅब मांडीवर ठेवला.

पाळकांची बायको पदराने डोळे पुसत होती. मग नानांनी डोळे उघडले.

"अक्का," ते म्हणाले, "हाऊ टोमना नही शे. हाई त रडनं शे. कोनीतरी बठ्ठं दुख आठे मांडेल शे."

मी म्हटलं, "रडणं कसलं, नाना? सगळं दुःख कोणी इथे कशाला मांडेल? तुम्हाला यातलं माहीत नाही." पण माझा आवाज मलाच पोकळ वाटला. पाळकांनी हात पुढे केला, "बघू जरा," आणि मी टॅब दिला. त्यांनी वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या गोल चित्रावर बोट ठेवलं. ते चित्र मी महिनाभर रोज बघत होते आणि ॲपची निशाणी समजत होते. बोट ठेवल्यावर ते मोठं झालं. सोनगीरचा किल्ला होता तो. तटाशी दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी होती. शाळेची सहल गेली होती तेव्हाची. फोटोखाली माझ्या मुलीचं नाव होतं.

पाळकांनी ते नाव वाचलं, पण उच्चारलं नाही. टॅब माझ्याकडे वळवून धरला आणि हळूच म्हणाले, "हे त्यांचं खातं आहे. त्या तिकडे फोनवर खूण करतात, ती इथे उमटते." मग सगळ्यांना म्हणाले, "आज इथेच थांबू या." त्यांनी प्रार्थना केली. जो कोणी रडत असेल त्याच्यासाठी, एवढंच म्हणाले. इतके दिवस ज्या माणसाला मी चोर ठरवत होते त्याने माझ्या लेकीची लाज राखली, आणि ती चव्हाट्यावर मांडणारी मी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळच्या पहिल्या एसटीने मी जळगावला गेले आणि तिथून पॅसेंजरने बोदवडला. वाटेत वही उघडून सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. 'दिशाभूल' हा शेरा मी पेनाने खोडला, कागद फाटेपर्यंत खोडला.

दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. "न कळवता?" म्हणाल्या. मी म्हटलं, "डोळे दाखवायला जळगावला आले होते." मुलगी स्वयंपाकघरात खाली ठेवलेल्या गॅसवर भरताची वांगी भाजत होती. मला बघून ती उठली नाही. मी तिच्याजवळ पाटावर बसले, समोरचा लसूण घेतला आणि सोलायला लागले. सासूबाई थोडा वेळ दारात रेंगाळल्या, मग शेजारणीने हाक मारली म्हणून बाहेर गेल्या.

"रेघा दिसल्या?" मुलीने वांग्यावरून नजर न काढता विचारलं.

"दिसल्या."

"पहिली कधी दिसली?"

"संक्रांतीला."

तिने वांगं चिमट्याने फिरवलं. "दिवाळीत माझं बाळ पोटातच गेलं, आई. चार लोकांत बोभाटा नको म्हणून इथे सगळ्यांनी तोंड शिवून घेतलं. हे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. फोन करते तेव्हा सासूबाई शेजारी बसतात. नाताळला सांगणार होते, पण तू बारीक होण्याचं बोललीस. म्हणून टॅब ठेवून आले, माझं खातं मुद्दाम तसंच ठेवलं. म्हटलं, रेघ दिसली की आईला कळेल. विचारणार नाही, पण येऊन बसेल." तिने चिमटा खाली ठेवला. "रोज दुपारच्या गाडीच्या वेळेला मी दाराकडे बघायचे."

मी तिला सगळं सांगितलं: चिकटपट्टी, वही, कपाट, पाळक. आणि काल घरसभेत तिच्या सगळ्या रेघा मी चारचौघांत वाचून दाखवल्या, पाळकांना लाजवायला, हेही सांगितलं. ते सांगताना माझी मान वर होईना.

वांग्याचं साल तडकलं. तिने गॅस बंद केला.

"सगळ्या वाचल्यास?"

"सगळ्या."

"मग त्यांनी प्रार्थना केली?"

"केली."

"नाव घेतलं माझं?"

"नाही."

तिने हात धुतले, स्टूल ओढलं, आणि माझ्याबरोबर निघायला माळ्यावरची बॅग खाली काढली.