आप्पांना खाली यायचं होतं

आप्पा गेले त्या सकाळी मी लॉनला पाणी मारत होतो. वरच्या गॅलरीतून माझी बायको शोभा ओरडली, "अहो, वर या लवकर, आप्पा उठंनात..." मी आधी नळ बंद केला, पाइप गुंडाळून ठेवला आणि मग जिना चढलो. महिना होऊन गेला, पण तो पाइप गुंडाळणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. राहू या आमच्या गावी त्यांची हयात उसात गेली, आणि त्यातली निम्मी हरळी खणण्यात. नांगरट झाली की या गवताच्या काशा, म्हणजे जमिनीतल्या मुळ्या, वेचायच्या, बांधावर वाळवायच्या आणि पेटवून द्यायच्या. आई गेल्यावर मी त्यांना शिरूरला माझ्या बंगल्यात आणलं. मी शिक्रापूरच्या कंपनीत सुपरवायझर. बंगल्यापुढं हौसेनं लॉन केलेलं, आणि त्याचं गवत म्हणजे हरळीचीच बारीक जात. आप्पा पहिल्याच दिवशी हसले होते, "आरं, आमी जलमभर उपटली आन् तू इकत आणून लावली व्हय?" मीही हसलो होतो.

पावसाळ्यात ते लॉनमध्ये बसून लव्हाळा काढायचे. मला बरं वाटायचं. पण त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं... दिवाळीत कंपनीचे साहेब घरी येणार होते. त्या सकाळी बाहेर येऊन पाहतो तर निम्मं लॉन खणलेलं, काशा झटकून पार्किंगच्या फरशीवर वाळत घातलेल्या. आप्पा घामाघूम आणि खूश. "लई माजली व्हती. आता काडी लाव."

कुंपणाशी शेजारी उभे होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "गावात कुणी इचारत न्हाई म्हणून इथं आणलंय तुमाला. खायचं आन् गप पडायचं. मातीला हात लावायचा न्हाई."

आप्पांनी खुरपं खाली ठेवलं, हात धोतराला पुसले. "चुकलं बाबा," म्हणाले. शेजाऱ्यांत कुणीतरी हसलं.

त्या दिवसापासून आप्पा वरच्या खोलीत. जिन्याच्या जाळीच्या दाराला मी कुलूप लावलं; लोकांना सांगितलं, पडतील म्हणून. ते रोज विचारायचे, खाली येऊ का? थंडीत लॉन पिवळं पडतं, वाढ थांबते. मी म्हणायचो, आता तुडवलं तर मरेल, थंडी जाऊ द्या. थंडी गेली. मग लॉनवर पोयट्याची माती आणि शेणखत चाळून पसरलं. म्हणालो, खत मुरू द्या. मुरलं. मग ऊन तापलं. म्हणालो, एक पाऊस होऊ द्या. प्रत्येक वेळी ते मान डोलवायचे. शेतकऱ्याला हंगामाचं कारण पटतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी ते देत होतो.

स्वतःला समजावायचो, गॅलरीत खुर्ची टाकलीय, वरून त्यांना सगळं दिसतं. परवा त्या खुर्चीत पहिल्यांदा बसलो. कठडा डोळ्यांच्या वर येतो. त्यावरून दिसते ती फक्त शेजारची पाण्याची टाकी. शोभा कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, "त्यांना खालचं दिसतच नव्हतं?"

"मी धरून उभं करायची. तुम्ही पाणी मारताना बघायचे."

"मग मला हाक का नाही मारलीस?"

तिनं दोरीवर चिमटा लावला. "मारणार होते एकदा. तर माझ्या तोंडावर हात ठेवला त्यांनी. म्हणाले, नगं पोरी, त्याला कळलं तर गॅलरीलाबी कुलूप घालील..."