निळा निघालेला मेंदू

माझ्या शेजारी राहणारी धुळ्याची मुलगी सुरतच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. रक्तातलं नको ते मेंदूत शिरू न देणारी भिंत आजारात कशी फुटते, हे ती शोधते. मी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये. कापडानं रंग धरला की खूश. तिचं उलटं. उंदराच्या रक्तात निळा रंग सोडायचा आणि मेंदू पांढराच राहिला, की ही गाणं म्हणत जिना चढते.

परवा गातच आली, हातात घारी मिठाईचा डबा. "भाऊ, नव्या औषधानं भिंत सांधली! एकच मेंदू निळा निघाला."

"मग तो सोडून दे ना."

"वा! तोच सगळ्यात आधी लिहिला. त्याची का नाही सांधली, ते आता शोधायचंय. घ्या, घारी खा!"

मिलमधले कापडाचे डागी तागे ढिगाखाली सरकवणारा मी, तिच्याकडे बघतच राहिलो.