कड वाचणारी थोरली

“साबण माझा नाही, तुमचा,” थोरली म्हणाली. “मागे बदललात तेव्हाच मी म्हटलं होतं, हा धुतला तरी बुळबुळीत राहतो.”

“साबणाचे डाग असे पडत नाहीत, वहिनी. साबण असता तर सगळ्या बॉडीचा रंग उडाला असता. इथं बघा. फक्त कडेला उडालाय. जिथं तुमचा मास्क, तिथंच.” दिराने हातातली बॉडी तिच्यासमोर आपटली नाही, पण नीट ठेवलीही नाही. मधलंच काहीतरी केलं.

“मग तुमच्या फवाऱ्याच्या कॉम्प्रेसरनं पाणी धरलं असेल.”

“कॉम्प्रेसर परवाच साफ केलाय.”

“परवा केलात. या गाड्या त्याच्या आधीच्या आहेत.”

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, “भांडून झालं की कुणीतरी चहा टाका. नाहीतर आधी टाका आणि मग भांडा.”

कुणी हललं नाही. टेबलावर परत आलेल्या गाड्या उताण्या पडल्या होत्या. गाड्या म्हणजे नुसती वरची टोपणं. रिमोटवर धावणाऱ्या शर्यतीच्या छोट्या गाड्यांची. त्यांना या घरात बॉडी म्हणत. काचेसारखं आरपार दिसणारं पातळ प्लास्टिक, वाडग्यासारखं पोकळ. दुकानदाराने त्या खोक्यात भरून परत पाठवल्या होत्या आणि फोनवर एवढंच म्हणाला होता की पहिल्याच धडकेत रंग टवके टवके होऊन पडतो, असं याआधी कधी झालं नव्हतं.

झालं नव्हतं, हे खरंच होतं. या गाड्या आतून रंगवतात. म्हणजे गाडी घासली, आपटली, उलटीपालटी झाली तरी ओरखडे बाहेरच्या प्लास्टिकवर, रंग आत सुखरूप. पण आतून रंगवायचं म्हणजे सगळंच उलटं. गडद रंग आधी, फिका नंतर, पांढरा सगळ्यात शेवटी. आकडासुद्धा उलटा कापावा लागतो. थोरली नवीन होती तेव्हा तिने एका गाडीवर आकडा सुलटा चिकटवला होता आणि बाहेरून तो आरशातल्यासारखा दिसायला लागला. तिचा नवरा तेव्हा होता. तो कपाळाला हात लावून बसला. पण गाडीचा मालक ती गाडी घेऊन जिंकला आणि पुढच्या वेळी येऊन म्हणाला, “पुन्हा उलटाच टाका.”

नवरा मूळचा पाट्या रंगवणारा. त्याची बोटं जाडजूड. मास्क म्हणजे जिथं रंग नको तिथं चिकटवायचा व्हिनाइल कागद; तो त्याच्या हाताला चिकटायचा, गाडीला नाही. मग तो कापायचा आणि ती लावायची. साबणाच्या पाण्याचा एक फवारा, त्यावर मास्क सरकवत सरकवत जागेवर आणायचा, मधलं पाणी रबराच्या पट्टीने बाहेर काढायचं, चाकावरच्या गोलाईत केस वाळवायच्या मशीनने थोडी ऊब द्यायची, की व्हिनाइल मऊ होऊन वळणावर निजतं. शेवटी नखाने कड दाबायची आणि मग बोटाचं टोक त्या कडेवरून एकदा फिरवायचं. हे शेवटचं खरं काम. मास्क डोळ्यांना दिसतो, पण तो बसलाय की नुसता टेकलाय, हे दिसत नाही. केसाएवढी जागा सुटली तरी रंग तिथून आत शिरतो आणि सरळ रेघेला मिशा फुटतात. नवरा या बोट फिरवण्याला ‘कड वाचणं’ म्हणायचा. “मी अडाणी माणूस,” पाहुण्यांना सांगायचा, “वाचायचं काम बायकोकडे.”

तो आजारपणात गेला. मागे राहिली एक खोली, एक टेबल, एक कॉम्प्रेसर, फवारा मारण्यापुरता तयार झालेला धाकटा भाऊ आणि ती. मूलबाळ नव्हतं. अशा बाईचं घरात काय होतं हे तिने आपल्या आत्याच्या बाबतीत पाहिलं होतं. आत्या भावाच्या घरी सगळ्यांच्या नंतर जेवायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. थोरली दुसऱ्याच आठवड्यात टेबलाशी जाऊन बसली. तेव्हापासून त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं नाही. स्वयंपाकघर धाकट्या जावेकडे गेलं आणि थोरलीचा चहा टेबलावर यायला लागला. धाकटी कप ठेवताना कधीकधी म्हणायची, “साहेब, सही करा.” विनोदच असायचा तो. सहा भाग विनोद, चार भाग दुसरं काहीतरी.

चहा आत्ताही धाकटीनेच आणला. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तिने एक बॉडी उचलली आणि सहज खिडकीच्या उजेडात धरली.

“हे टवके कसे आहेत बघितलंत का?” ती नवऱ्याला म्हणाली. “चंद्रकोरीसारखे. सगळे एकाच आकाराचे.”

“नख लागलं असेल,” दीर म्हणाला.

“नखाच्या एवढ्या मोठ्या कोरी? आणि इथं रंग अजून आहे, पण त्याखाली बारीक बारीक रेघा दिसतायत.” तिने बॉडी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, आणि मग हसायलाच लागली. “अहो, हा ओठ आहे. कप विसळताना रोज बघते मी. गाड्यांचे मुके कोण घेतंय या घरात?”

दीरही हसला. मग त्याने थोरलीकडे पाहिलं आणि त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं.

थोरलीने मान खाली घातली होती आणि तिचे कान लाल झाले होते. विधवा बाईला असं म्हणायला नको होतं, हे धाकटीच्या उशिरा लक्षात आलं. “मी आपलं गमतीनं,” ती पुटपुटली.

“माझाच आहे,” थोरली म्हणाली. “कड वाचत होते.”

“ओठानं?”

“बोटापेक्षा ओठाला बारीक कळतं.”

ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. थंडीच्या सुरुवातीला तिच्या बोटांच्या टोकांना आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. एकदा गॅसवरचं पातेलं तिने फडक्याशिवाय उतरवलं आणि बोटांवर फोड आल्यावरच तिला ते कळलं. घरात डोळे दाखवून येते असं सांगून ती डॉक्टरकडे गेली होती. डॉक्टर म्हणाला, साखरेमुळे नसा मेल्यात. गेलं ते गेलं, उरलंय ते सांभाळा. तिने विचारलं, उरलंय म्हणजे कुठे? तो जरा चिडूनच म्हणाला, बाई, मला पुढचे पेशंट आहेत.

उरलं होतं ते ओठात, हे तिने स्वतःच शोधून काढलं. खोलीत कुणी नसताना ती बॉडी दोन्ही हातांनी उचलायची, वाडग्यातलं काही प्यावं तशी तोंडाशी न्यायची आणि खालचा ओठ कडेवरून फिरवायची. कड बसलेली असली की ओठ विनाअडथळा घसरायचा. सुटलेली असली की टोचायची. पहिल्या दिवशी हे जमलं तेव्हा तिला रडूच आलं होतं, सुटल्यासारखं. फक्त थंडीने ओठ फुटत होते आणि त्यांना ती मलम लावत होती. मास्क लावण्याआधी बॉडी लखलखीत धुतात ती प्लास्टिकवर तेलाचा थेंब राहू नये म्हणून. मास्क लावल्यावर पुसता येत नाही, कडा उचलल्या जातात. ती धुतलेल्या बॉडीला स्वतःच्या ओठाने मलम फासत होती आणि जे शेंबड्या पोरालाही कळलं असतं ते इतक्या वर्षांच्या सवयीनंतरही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

“पण बोटानं का नाही?” दिराने विचारलं. आता तो भांडत नव्हता आणि ते जास्त वाईट होतं.

“सांगितलं ना.”

“हात दाखवा.”

“हाताला काय बघायचंय?”

दिराने कचऱ्याच्या डब्यातून प्लास्टिकचे दोन कापलेले तुकडे काढले. एकावर व्हिनाइलची बारीक पट्टी चिकटवली, दुसरा तसाच ठेवला. “डोळे मिटा, वहिनी. एकदाच. माझ्या समाधानासाठी.”

आतून सासूबाई काठी टेकत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. “काय चाललंय? पोरखेळ?”

“हो, पोरखेळच,” थोरली म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

दिराने तिचं बोट आधी डावीकडच्या तुकड्यावरून फिरवलं, मग उजवीकडच्या. कुणीतरी आपलं बोट उसनं नेऊन दुसऱ्याच खोलीत फिरवतंय असं तिला वाटलं. पट्टी नव्हती, प्लास्टिक नव्हतं, काहीच नव्हतं. दिराच्या हाताची ऊब फक्त मनगटाशी कळत होती.

“कशावर आहे?”

खुर्चीची पाठ तिच्या कण्याला लागली. ती म्हणाली, “डाव्या.”

“बरोबर,” दीर म्हणाला, आणि त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे व्हिनाइलचे चिटोरे उडाले. “झालं तर मग. ओठबिठ बंद करा आणि आपलं बोटच चालवा. उगाच घाबरवलंत.”

“मीच घाबरले,” धाकटी म्हणाली. “म्हटलं, आता मला बसवतायत तिथं.”

“तुला?” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या पोळ्या गोल होत नाहीत.”

सगळे हसले. थोरलीही हसली. चहा गार झाला होता, तो धाकटीने न सांगता पुन्हा गरम करून आणला.

दिराने लगेच दुकानदाराला फोन लावला. तो बोलताना येरझाऱ्या घालायचा, तशा घालत होता. “चूक सापडली. नाही, नाही, रंग तोच, हातही तोच. वहिनीच आहेत ना. तुम्ही त्या क्लबच्या गाड्या पाठवा, सगळ्या पाठवा. मी शब्द देतो.” फोन ठेवून तो म्हणाला, “अख्ख्या क्लबच्या गाड्या एकाच रंगात. ही संधी गेली असती तर त्यानं बाहेरून स्टिकर मारायला सुरुवात केली असती. आपलं दुकानच बंद.”

त्यांच्याकडे एक नवी बॉडी शिल्लक होती. दिराने नमुन्यासाठी ती तिच्यासमोर ठेवली. ती धुतली, वाळवली, मास्क सरकवला, पाणी काढलं, वळणांना ऊब दिली. हे सगळं तिला डोळ्यांवर आणि सवयीवर जमत होतं. मग नखाने कड दाबत गेली. नख दाबतंय की नुसतं सरकतंय हे पाहण्यासाठी तिला नखाकडे बघावं लागत होतं, आणि दाराच्या आतल्या कोपऱ्यात नख दिसत नव्हतं. दीर समोरच फवाऱ्याची सुई साफ करत बसला होता. तोंडाशी नेता येणं शक्य नव्हतं. तिने बोट कडेवरून फिरवलं, नेहमीच्या वेगाने, नेहमीच्यासारखी मान किंचित कलती करून, आणि बॉडी त्याच्याकडे दिली.

“वाचली?”

“वाचली.”

फवारा मारून रंग वाळेपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली. दिराने मास्क सोलला. सोलण्याचा तो चर्र आवाज तिला आवडायचा. मग आवाज थांबला. ती वळली तेव्हा तो बॉडी बाजूच्या फळीवर, जुन्या खोक्यांच्या मागे सरकवत होता.

“दाखवा,” ती म्हणाली.

“ठीक आहे. जरासं पसरलंय दाराशी.”

“दाखवा.”

दाराच्या कडेची निळी रेघ मिशा फुटून वर चढली होती. बोटभर जागेत. तिच्या हातून अशी रेघ कधीच गेली नव्हती.

“पेनानं काळी बॉर्डर ओढतो,” दीर म्हणाला. “कुणाला कळतंय? गाडी एवढ्या जोरात जाते, दार कोण बघतंय. तुम्ही दमलात आज. सकाळपासून डोक्याला ताप दिला मी तुम्हाला.”

हा माणूस केसाएवढ्या रेघेसाठी दुकानदाराशी तास तास भांडायचा. तिच्या नवऱ्याशीही भांडायचा. आता तो तिच्याकडे न बघता, खालच्या आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होता, आणि बोलताना त्याच्या हातात काळं पेन आधीच आलं होतं. म्हणजे त्याला कळलं होतं. म्हणजे उद्या क्लबच्या गाड्या आल्या की तो प्रत्येकीवर काळी बॉर्डर ओढणार, आणि दुकानदाराने विचारलं की फॅशन आहे म्हणणार, आणि ती खुर्चीत बसून राहणार, आणि धाकटी चहा आणणार, आणि सगळ्यांना माहीत असणार.

“ओढा,” ती म्हणाली. दिवेलागणीपर्यंत ती टेबल आवरत राहिली. सुया एका डबीत, चिमटे दुसऱ्या डबीत, रबराची पट्टी धुऊन पालथी. आवरण्यासारखं काही उरलं नाही तेव्हाही ती बसूनच होती.

जेवायला सगळे बसले. सासूबाई नेहमीप्रमाणे मीठ कमी आहे म्हणाल्या. धाकटी म्हणाली, तुमच्या ताटात कमी आहे की तोंडात. दीर क्लबच्या गाड्यांना लाल कुठला लागेल ते सांगत होता. थोरलीने घास तोंडाशी नेता नेता खाली ठेवला.

“सकाळी मला काही कळलं नव्हतं,” ती म्हणाली. “डावा म्हटलं ते अंदाजानं. उजवा म्हटला असता तरी चाललं असतं.”

धाकटीचा वाढता हात थांबला.

“वहिनी, उद्या बघू ना—”

“बोटं गेलीत, भाऊजी. परत यायची नाहीत, डॉक्टरनं सांगितलंय.”

“म्हणजे काय?” सासूबाईंनी विचारलं. “काय म्हणतेय ती?”

“म्हणजे उद्यापासून टेबलाशी धाकटी बसेल,” थोरली म्हणाली. “तिला येईपर्यंत मी बाजूला उभी राहून सांगेन. भांडी मी घासेन.”